अनुभवी ट्रेलरचालकाने नव्या नोकरीत सुरुवातीचा पगार कसा ठरवून घ्यावा?

घाटरस्ता (धागाकर्ता)

नमस्कार. मी १४ वर्षे अवजड वाहने चालवतो आहे. पहिली ५ वर्षे नाशिक आणि पुण्याकडून वाशीच्या बाजार समितीत कांदा-बटाटा आणण्याचे काम केले आणि नंतरची ९ वर्षे कळंबोलीच्या एकाच मालकांकडे चाळीस फुटी कंटेनरचा ट्रेलर चालवला. न्हावा-शेवा बंदरात भरायचे आणि भिवंडी, तळोजा किंवा चाकणला रिकामे करायचे, असे ते काम होते. मालकांनी वयोमानामुळे गाड्या विकल्या, आणि वयाच्या ४१व्या वर्षी मी नव्याने नोकरी शोधतो आहे.

भिवंडीजवळ गोदामे असलेल्या एका मोठ्या वाहतूक कंपनीने मला बोलावले होते. मी गाडी चालवून दाखवली, ट्रेलर उलटा घेऊन धक्क्याला लावून दाखवला, त्यांनी कागदपत्रे पाहिली. मग सांगण्यात आले की नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येक चालकाला २१,००० रुपये पगार मिळतो आणि बाहेरगावी मुक्काम पडल्यास दिवसाला ३५० रुपये भत्ता मिळतो. ज्याला दोन वर्षांचा अनुभव आहे त्यालाही तेवढेच आणि मलाही तेवढेच. भरतीचे काम पाहणाऱ्या मॅडमनी ‘तुमची अपेक्षा किती आहे?’ असे विचारले, तेव्हा मला आकडा सांगता आला नाही.

जुन्या मालकांकडे १९,००० रुपये पगार होता, आणि ट्रिपमागे मिळणाऱ्या खर्चीतून जेवणखाण वगळून जे उरे ते धरून महिन्याला २६,००० रुपयांच्या आसपास घरी येत असत. पगारवाढ मागण्याची वेळ त्या ९ वर्षांत माझ्यावर आली नाही, कारण दिवाळीला मालक स्वतःच वाढवत असत. त्यामुळे मागायचे कसे आणि काय धरून मागायचे, हे मला खरोखरच ठाऊक नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा बोलावले आहे. ज्यांनी अशी बोलणी केली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

हिशेबवही

दादा, माझे वडील २२ वर्षे ट्रेलरवर होते आणि त्यांच्या ट्रिपांचा हिशेब मी आठवीत असल्यापासून लिहीत आले. त्या वह्यांवरून एक गोष्ट खात्रीने सांगते. महिन्याच्या आकड्यावर घासाघीस करण्याआधी त्या आकड्याला कामाच्या दिवसांनी आणि तासांनी भागून पाहावे. २१,००० रुपयांना २६ दिवसांनी भागले तर दिवसाला सुमारे ८०८ रुपये पडतात. आठ तासांचे काम असेल तर तासाला १०१ रुपये, आणि तीच गाडी बारा तास तुमच्या ताब्यात असेल तर तासाला ६७ रुपये. पगार एकच, पण या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत.

ट्रेलरवर हे तास बहुतांशी स्टिअरिंगवर जात नाहीत, उभे राहण्यात जातात. बंदराच्या फाटकाबाहेरची रांग, गोदामात माल उतरवायला माणसे नसणे, शनिवारी दुपारी पोहोचलेली आणि सोमवारी रिकामी झालेली गाडी. वडिलांच्या वहीत एका महिन्याची नोंद अशी आहे की २६ दिवसांपैकी ९ दिवस गाडी उभी होती आणि त्यांतल्या फक्त ३ दिवसांचा हॉल्टिंगचा, म्हणजे गाडी उभी राहिल्याचा, पैसा त्यांच्या हाती आला. मालक पार्टीकडून, म्हणजे ज्याचा माल आहे त्या ग्राहकाकडून, उभ्या गाडीचे पैसे मागतो, ही गोष्ट चालकांना माहीत असते, तरी रुजू होताना त्याविषयी कोणी विचारत नाही.

म्हणून तुमचा पहिला प्रश्न ‘पगार किती?’ हा नसावा. ‘गाडी भरायला किंवा रिकामी व्हायला किती तासांपेक्षा जास्त वेळ लागला म्हणजे हॉल्टिंग सुरू होते, आणि त्यातले चालकाला किती मिळते?’ हा असावा. तुमचा ३५० रुपयांचा भत्ता बाहेरगावच्या मुक्कामाचा आहे. भिवंडीतल्याच गोदामात रात्रभर गाडी अडकली तर तो मिळेल का, हे विचारून घ्या. माझ्या मते तो मिळणार नाही.

दोन गाड्यांचा मालक

ताईंचा हिशेब बरोबर आहे, परंतु मालकाची बाजूही लिहितो. पार्टीला हॉल्टिंगचे बिल लावले म्हणजे पैसे आले असे होत नाही. बिल दोन-तीन महिने अडकते, आणि पुष्कळदा ‘पुढच्या भाड्यात बघू’ यावर मिटते. माझ्यासारखा लहान मालक जे हाती आले नाही ते चालकाला देऊ शकत नाही. मोठ्या कंपनीची गोष्ट वेगळी आहे. तिचे पार्टीशी वर्षाचे करार असतात आणि त्यांत उभ्या गाडीचा दर लिहिलेला असतो. त्यामुळे तुम्ही तिथे हा विषय जरूर काढा.

आता अनुभवाविषयी. ‘मला १४ वर्षांचा अनुभव आहे’ हे वाक्य आम्ही रोज ऐकतो आणि त्याने आमच्या मनावर काहीच परिणाम होत नाही. परिणाम होतो तो अनुभवामुळे गाडीवर जे घडत नाही त्याचा. एक साधे गणित मांडतो. गाडी महिन्याला ४,५०० किलोमीटर चालते असे धरा. लिटरला ३ किलोमीटर ॲव्हरेज देणाऱ्या चालकाला १,५०० लिटर डिझेल लागते. ३.३ देणाऱ्याला सुमारे १,३६४ लिटर लागते. डिझेल ९० रुपये लिटर धरले तर महिन्याला १२,००० रुपयांहून अधिक फरक पडतो. घाटात ब्रेक न जाळणारा, गिअरवर उतरणारा माणूस टायर आणि ब्रेकचे लायनर किती वाचवतो ते वेगळेच. बोरघाट आणि कसारा उतरलेल्या चालकाला हे शिकवावे लागत नाही, पण कार्यालयात बसलेल्या अधिकाऱ्याला हे आकड्यांत सांगावे लागते.

तेव्हा जुन्या मालकांकडून त्यांच्या कागदावर एक पत्र घ्या. किती वर्षे काम केले, कोणती गाडी होती, सरासरी ॲव्हरेज किती, अपघात किती, विम्याचे दावे किती, एवढेच त्यात असू द्या. स्वभावाची स्तुती नको. ई-चलानांची स्थितीही आधीच तपासून ठेवा, कारण कंपनी ती तपासतेच.

आणि अपेक्षा विचारली तर आकडा सांगा. गप्प राहणाऱ्याला ठरलेली सुरुवातीची पायरी मिळते. तुमच्या जागी मी २५,००० म्हटले असते आणि त्यामागचे डिझेलचे गणित समोर ठेवले असते.

कामगार सल्ला

मी परळला एका कामगार संघटनेच्या कार्यालयात अनेक वर्षे काम केले. तीन गोष्टी लिहितो, आणि त्यांतली पहिली सर्वांत महत्त्वाची आहे.

२१,००० रुपये हा हातात येणारा आकडा आहे, की कंपनीला तुमच्यावर पडणारा एकूण खर्च आहे? भविष्य निर्वाह निधीसाठी १५,००० रुपयांच्या मर्यादेवर १२ टक्के धरले तर १,८०० रुपये तुमचे आणि १,८०० कंपनीचे भरले जातात. काही ठिकाणी कंपनीचा वाटाही ‘पगार’ म्हणून सांगितलेल्या आकड्यातच दडलेला असतो. तसे असेल तर २१,००० मधून ३,६०० रुपये गेले, व्यवसाय कराचे २०० गेले, आणि हातात १७,२०० उरले. जुन्या मालकांकडच्या २६,०००शी तुलना करायची ती या आकड्याची.

दुसरी गोष्ट कर्मचारी राज्य विम्याची. ही योजना ज्या वेतनापर्यंत लागू होते ती मर्यादा महिन्याला २१,००० रुपये आहे. त्यासाठी चालकाच्या वेतनातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो, आणि त्या बदल्यात पूर्ण कुटुंबाला औषधोपचार मिळतो. आता तुम्ही २२,००० किंवा २३,००० वेतन पदरात पाडून घेतले आणि या मर्यादेच्या वर गेलात, तर रुजू होतानाच योजनेबाहेर राहाल. घरात आजारी माणूस असेल तर हा एक-दोन हजार रुपयांचा फायदा तोट्यात जाऊ शकतो. म्हणून वेतन मर्यादेच्या वर जाणार असेल तर कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा आणि अपघात विमा मागावा, किंवा वाढ भत्त्याच्या रूपाने घेता येते का ते पाहावे. मात्र भत्ते फुगवून मूळ वेतन लहान ठेवण्याची जुनी पद्धत आता पूर्वीसारखी चालत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार वगळता येणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो.

तिसरी गोष्ट कामाच्या तासांची. मोटार परिवहन कामगारांसाठी १९६१ सालचा स्वतंत्र कायदा होता. त्यात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा होती, लांब पल्ल्यासाठी परवानगीने दिवसाला १० तासांपर्यंत सूट होती, आणि त्यापलीकडच्या कामाला दुप्पट वेतन होते. तो कायदा आता नव्या संहितेत सामावला आहे, पण आठ तासांचा दिवस आणि जादा तासांना दुप्पट दर ही दोन्ही तत्त्वे तिच्यातही आहेत. त्याच संहितेने नियुक्तिपत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे. ते पत्र हाती आल्याशिवाय जुने काम सोडू नये, असे मी प्रत्येकाला सांगत आलो.

तुमच्या जुन्या मालकांकडे एकूण किती माणसे कामाला होती, हेही कळवा. दहा किंवा त्याहून अधिक असतील तर ९ वर्षांचे उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, ते तुम्हाला देणे लागतात. १९,००० रुपयांवर वर्षाला १५ दिवस, महिना २६ दिवसांचा, या हिशेबाने ते सुमारे ९८,६५४ रुपये होते. बोलणीच्या धाग्यात मी हे मुद्दाम लिहितो आहे. पहिल्याच महिन्यात ज्याला उचल मागावी लागते, त्याचे पुढचे सगळे मागणे त्या उचलीखाली दबते.

माहूल टँकर

मी चेंबूर-माहूल पट्ट्यातून पेट्रोल आणि डिझेलचे टँकर चालवतो. कपातीविषयी लिहायचे होते, म्हणून हा प्रतिसाद.

काही वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराकडे मी चांगल्या पगारावर रुजू झालो. बोलणीत पगार मी मागितला तेवढा मान्य झाला आणि मी समाधानाने घरी आलो. त्यानंतर दोन महिन्यांत ‘शॉर्टेज’, म्हणजे माल कमी भरला, म्हणून ६,८०० रुपये कापले गेले. माल पंपावर मोजताना तापमानामुळे फरक पडतो, हे त्या धंद्यातल्या सर्वांना माहीत आहे. तरी मला कोणी काही विचारले नाही आणि कोणता टँकर, कोणती तारीख हेही सांगितले नाही. पगार मोठा होता, पण तो किती राहील हे माझ्या हातात नव्हते. ती नोकरी मी सोडली, आणि त्या पैशांपेक्षाही आपल्यावर चोरीचा संशय घेतला गेला याचे दुःख मला आजही आहे.

तेव्हापासून कुठेही रुजू होताना मी कपातीची यादी मागतो. शॉर्टेज, टायर फुटणे, आरसा तुटणे, चलान, फास्टॅगमध्ये पैसे नसल्यामुळे लागलेला जादा टोल, उशिरा पोचलेली पोच, यांपैकी काय माझ्या खिशातून जाणार, हे आधी विचारतो. जास्त वजनाचा दंड कोण भरणार हे तर ठळकपणे विचारावे. २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार असा तो दंड आहे, आणि गाडीत किती भरायचे हे चालक ठरवत नाही.

एक सूचनाही करतो. तुमच्या परवान्यावर धोकादायक मालाची नोंद नसेल तर ती करून घ्या. मान्यताप्राप्त संस्थेत तीन दिवसांचे प्रशिक्षण असते. बंदरातून रसायनांचे कंटेनर निघतातच, आणि ज्याच्याकडे ती नोंद आहे त्याला कंपनी वेगळ्या गाडीवर आणि बहुधा वेगळ्या दराने घेते.

कामगार सल्ला

माहूलच्या बंधूंनी लिहिले त्याला कायद्याचा आधार देतो. वेतन संहितेनुसार दंडाची रक्कम त्या महिन्याच्या वेतनाच्या ३ टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. ताब्यात दिलेल्या मालाच्या नुकसानीची कपात करायची असेल तर ते नुकसान कामगाराच्या हलगर्जीमुळेच झालेले असावे लागते, आणि त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या निम्म्याच्या पुढे जाऊ नयेत. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत मिळायला हवा. ही कलमे पगाराच्या बोलणीत कोणी मांडत नाही, पण ‘कपात करण्यापूर्वी चालकाला लेखी कळवून त्याचे म्हणणे घेतले जाईल’ हे एक वाक्य नियुक्तिपत्रात मागायला हरकत नसते, कारण कंपनी ते नाकारू लागली तर ती कायद्यालाच नाकारते.

दोन गाड्यांचा मालक

अपघाताचा मुद्दा अजून कोणी काढला नाही. जानेवारी २०२४ मध्ये देशभर चालकांनी चक्का जाम केला तो भारतीय न्याय संहितेतल्या १०६ (२) या कलमावरून. निष्काळजीपणे गाडी चालवून कोणाचा मृत्यू घडल्यावर पोलिसांना न कळवता निघून गेल्यास १० वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद त्यात आहे. १ जुलै २०२४ला संहिता लागू झाली तेव्हा हे उपकलम बाजूला ठेवले गेले. तरी कोणत्याही अपघातात पोलीस ठाण्यात बसतो तो चालकच. वकील कोण देणार, जामिनाला कोण येणार, आणि खटल्याच्या तारखेला गेलेल्या दिवसाचा पगार मिळणार का, हे विचारा. मी स्वतः माझ्या दोन्ही चालकांसाठी पोलीस ठाण्यात जाऊन बसलो आहे. मोठ्या कंपनीत असा माणूस कोण, त्याचे पद आणि फोन आधीच माहीत असावा.

गाडी कोणती मिळणार, हेही विचारून घ्या. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या ट्रकांना चालकाची वातानुकूलित केबिन सक्तीची आहे. मे महिन्यात भिवंडीच्या रांगेत सहा तास बसणाऱ्याला तो फरक हजार-दोन हजार रुपयांइतकाच मोलाचा आहे, आणि अनुभवी चालकाला नवी गाडी देणे अधिकाऱ्यालाही सोपे जाते, कारण त्यासाठी पगाराची पायरी मोडावी लागत नाही.

घाटरस्ता

सर्वांचे मनापासून आभार. आज गुरुवारी जाऊन आलो.

जुन्या मालकांना सोमवारी भेटलो. त्यांनी पत्र तर दिलेच, शिवाय आठ गाड्यांवरचे चालक, मिस्त्री आणि कारकून मिळून तेरा माणसे होती, हे मान्य करून उपदानाचा हिशेब त्यांच्या लेखापालाकडे दिला. ‘तू कधी बोलला नाहीस, मलाही कोणी सांगितले नाही,’ असे ते म्हणाले. माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

कंपनीत मी आधी विचारले की २१,००० हातात येतात का. मॅडमनी कागद उलटून पाहिला आणि सांगितले की कंपनीचा निर्वाह निधीचा वाटा वेगळा आहे, पण माझा वाटा, विमा आणि व्यवसाय कर हे त्या २१,००० मधूनच जातात, म्हणजे हातात १९,००० च्या थोडे खाली येतील. मी २५,००० म्हटले आणि ॲव्हरेजचा कागद पुढे केला. जुन्या गाडीवर माझे सरासरी ३.२ होते. त्यांनी तो कागद घेऊन वाहनविभागाच्या साहेबांना बोलावले. साहेबांनी मला घाटातल्या गिअरविषयी दोन प्रश्न विचारले आणि मग मॅडमशी बाजूला बोलले.

पहिली पायरी बदलली नाही. परंतु सहा महिन्यांऐवजी तीन महिन्यांनी मला दुसऱ्या पायरीवर, म्हणजे २३,५०० वर घेतील, असे पत्रात लिहून देणार आहेत. गाडी कुठेही, अगदी भिवंडीतसुद्धा, बारा तासांहून अधिक उभी राहिली तर दिवसाला ५०० रुपये हॉल्टिंग मिळेल. त्यासाठी फाटकावरच्या नोंदीचा फोटो पाठवावा लागेल. कपातीपूर्वी लेखी विचारणा होईल, हेही मान्य झाले. दुसऱ्या पायरीनंतर राज्य विम्याचे काय, हे विचारल्यावर कंपनीचा सामूहिक विमा सुरू होईल असे उत्तर मिळाले, ते मात्र अजून कागदावर नाही. वकिलाच्या बाबतीत ‘कंपनी बघते, काळजी करू नका’ एवढेच म्हणाल्या.

हिशेबवही

दादा, जे तोंडी ठरले ते आजच्या आज मॅडमना संदेशात लिहून पाठवा. तक्रारीचा सूर नको, फक्त ठरलेले मुद्दे. त्यांनी ‘हो’ म्हटले तरी ते तुमच्याकडे राहील. उद्या त्या मॅडम नोकरी सोडून गेल्या तर नव्या माणसाला दाखवायला काहीतरी हवे.

घाटरस्ता

ताई, पाठवला. मुलीकडून लिहून घेतला तो असा: ‘मॅडम, नमस्कार. आज ठरल्याप्रमाणे तीन महिन्यांनी २३,५०० रुपये, बारा तासांनंतर दिवसाला ५०० रुपये हॉल्टिंग आणि कपातीपूर्वी लेखी विचारणा हे मुद्दे नियुक्तिपत्रात येतील. दुसऱ्या पायरीपासून सामूहिक आरोग्य विमा लागू होईल. अपघात झाल्यास वकील आणि जामिनाची व्यवस्था कंपनी करेल. यात काही चुकले असल्यास कळवावे.’

संध्याकाळी सात वाजता उत्तर आले. ‘पहिले चारही मुद्दे बरोबर आहेत, पत्र शनिवारी मिळेल. वकिलाबाबत साहेबांना विचारून सोमवारी सांगते.’ सोमवारी सकाळी ९ वाजता रुजू व्हायचे आहे. गाडीची चावी घेण्याआधी त्यांच्या टेबलापाशी जाऊन तेवढे विचारणार आहे.